निगा कुणाची? डोंगा, फळी आणि थर्माकोल

पाण्यावर चालणाऱ्या वस्तूंचा इतिहास आपल्याकडे बहुधा बांधणीचा इतिहास असतो. नाव कुणी घडवली, लाकूड कुठून आणलं, तिच्यातून काय वाहून नेलं, हे विचारलं जातं. काम संपल्यावर ती कुठे ठेवत, तिच्या अंगाला काय चोळत, ओल्या लाकडावर पाय घसरू नये म्हणून काय करत, हे फारसं कुणी विचारत नाही. वस्तू किती वर्षं टिकेल आणि तिच्यावर उभा असलेला माणूस संध्याकाळी घरी पोचेल की नाही, हे तर याच प्रश्नांवर ठरतं. सर्फिंगच्या फळीबाबत या प्रश्नांची उत्तरं आज जगभर तयार आहेत. पायाखाली मेण, घोट्याला दोरी, प्रवासासाठी गादीची पिशवी, घरी ठेवायला भिंतीवरची खुंटी. भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, पण वैनगंगा आहे, तलाव-बोड्या आहेत आणि या पाण्यावर उभं राहून पोट भरणारा ढिवर समाज आहे. त्यांच्या डोंग्याला, म्हणजे खोडातून कोरलेल्या नावेला, हेच प्रश्न पडत आले आहेत. या दोन टोकांच्या वस्तू शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. निगेची तंत्रं नेहमीच साधी होती आणि ती कुणापासून लपलेलीही नव्हती. ती टिकली की मोडली, हे ठरलं वस्तू कुणाच्या ताब्यात होती आणि किती काळासाठी होती यावरून.

आधी पाणी पाहू. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी, लाखांदूर असे तालुके ओलांडत खाली चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाते. वाटेत बावनथडी, सूर, चुलबंद अशा नद्या तिला मिळतात. पवनीच्या बौद्ध स्तूपांचं उत्खनन 1969-70 मध्ये झालं आणि या काठावरची वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी असल्याचं दिसून आलं. एवढा काळ माणसं नदीच्या दोन्ही अंगांना राहिली, म्हणजे ती ओलांडतही होती. नदीपासून दूर पूर्वेला तलावांचा प्रदेश आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांची मातीची पाळ, पाणी सोडायचं तुडुम आणि खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. या पाण्यात मासे होते आणि शिंगाडाही होता. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ढिमरांच्या, म्हणजेच ढिवरांच्या, पोटजाती दिल्या आहेत. त्यांत शिंगाडा लावणारे वेगळे, झिंगे पकडणारे वेगळे आणि गळाने मासे धरणारे वेगळे नोंदवले आहेत. उथळ तलाव, गाळाचा तळ आणि पाण्यावर पसरलेली शिंगाड्याची पानं अशा जागी लांब कण्याची फळ्यांची नाव अडते. बांबूने रेटता येणारा, सपाट बुडाचा, एकाच खोडातून कोरलेला डोंगाच तिथे सहज सरकतो.

एका खोडाच्या वस्तूचा शत्रूही खोडातच दडलेला असतो. ओलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षकड्यांच्या दिशेने ते जितकं आकसतं, तितकं गाभ्याकडून सालीकडे आकसत नाही. हे प्रमाण साधारण दुप्पट असतं. शिवाय ओल लाकडाच्या रेषांच्या दिशेने फार लवकर सुटते, म्हणून कापलेली दोन्ही टोकं आधी वाळतात आणि तिथूनच तडे आत शिरतात. वैशाखात विदर्भाचं ऊन अंगावर घेत पालथा पडलेला डोंगा याच कारणाने फुटतो. उलट सतत पाण्याखाली असलेलं लाकूड सहसा कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. धोका असतो तो पाण्याच्या रेषेवर, जिथे लाकूड रोज भिजतं आणि रोज वाळतं. भारतात अनेक ठिकाणी काम नसलेल्या काळात खोडाच्या नावा मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवतात. बंगालात ताडाच्या खोडाचे डोंगे असेच तळ्यात बुडवून ठेवण्याची रीत आहे. वरवर पाहणाऱ्याला ती टाकून दिलेली नाव वाटते, पण ती साठवण असते. पडलेला तडा बुजवण्याची रीतही सगळीकडे जवळपास एकच आहे. चिंधी किंवा ताग ठासायचा, वर राळ किंवा डांबर ओतायचं आणि तरीही गळत असेल तर पत्र्याचा तुकडा ठोकायचा. अंगाला तेल द्यायचं झालं, तर भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला ते लांबून आणावं लागत नव्हतं. धान उभं असतानाच बांधीत लाखोरी आणि जवस फेकण्याची इथली जुनी पद्धत आहे आणि जवसाचं तेल हवेत घट्ट होऊन लाकडावर पापुद्रा धरतं. करंजाचं तेल किडीला दूर ठेवतं.

आता हवाई बेटांकडे वळू. इंग्रज मिशनरी विल्यम एलिस 1823 मध्ये तिथे फिरला. लाटेवर स्वार होण्याची फळी तिथले लोक किती जपतात, हे त्याने लिहून ठेवलं आहे. वापर झाला की फळी उन्हात पूर्ण वाळवायची, खोबरेल चोळायचं, पुष्कळदा कापडात गुंडाळायची आणि घरात टांगून ठेवायची. या फळ्यांतल्या हलक्या फळ्या ज्या झाडाच्या असत, ते आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, पण पाणीही तितक्याच लवकर पितं, म्हणून ती फळी कोरडी ठेवावी लागे. तमिळ किनाऱ्यावरचं कट्टुमरम याच गटातलं. त्याचे हलके ओंडके दोरीने बांधलेले असतात आणि किनाऱ्याला आल्यावर ते सुटे करून वाळवत ठेवले जातात. कोकणात पावसाळा लागला की होड्या वाळूवर ओढून नारळाच्या झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. म्हणजे कुणी वाळवतं, कुणी झाकतं, कुणी बुडवतं. या रीती परस्परविरोधी दिसतात, तरी मागचा हिशेब एकच आहे. लाकडाने पाण्याशी हळूहळू आणि सगळीकडून सारखा व्यवहार करावा, एवढंच त्यात पाहिलं जातं. हलक्या लाकडाला ते कोरडं ठेवून साधतं, जड खोडाला ओलं ठेवून. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, गोड्या पाण्यात तो नसतो, म्हणून वैनगंगेवर बुडवून ठेवणं परवडतं आणि रत्नागिरीला परवडत नाही. एका ठिकाणची रीत उचलून दुसरीकडे नेली तर वस्तूच जाते. निगा हे स्थानिक ज्ञान आहे असं म्हणतात, ते या अर्थाने खरं आहे.

पकडीचा इतिहासही असाच आहे. लाकडाला पाण्यापासून वाचवणारा गुळगुळीत लेप माणसाच्या पायाचा वैरी असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या फळ्यांना व्हार्निश मारू लागले. त्या टिकाऊ झाल्या आणि निसरड्याही झाल्या. 1935 च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या आल्फ्रेड गॅलंट या तरुणाने फरशीला लावायचं मेण फळीवर चोळून पाहिलं, असं सर्फिंगच्या इतिहासात सांगतात. पुढे थंड आणि उष्ण पाण्यासाठी वेगवेगळ्या कठीणतेची मेणं आली, कारण थंडीत दगड होणारं मेण उन्हात पाघळतं. टॉम ब्लेकने त्याच दशकात पोकळ फळी रूढ केली आणि 1935 मध्ये फळीखाली माशासारखा पर (फिन) बसवला. 1958 च्या सुमाराला फेसाच्या गाभ्यावर काचतंतूंचं कवच असलेली फळी आली. 1971 मध्ये घोट्याला बांधायची दोरी आली. तोवर हातून सुटलेली फळी थेट खडकावर आपटत असे. डोंग्यावर उभ्या माणसाकडे यांतलं काहीच नाही. त्याची पकड म्हणजे अनवाणी पाय, रुंद ठेवलेला पवित्रा आणि तळाला टेकलेला बांबू. वाकसाने तासलेलं लाकूड रंधा मारलेल्या लाकडाइतकं गुळगुळीत नसतं, त्यामुळे तळव्याला थोडा आधार मिळतो. तो आधार टिकवायचा तर आतलं पाणी उपसत राहावं लागतं आणि शेवाळ खरवडावं लागतं. इथे पकड आणि निगा ही दोन कामं उरत नाहीत. खरवडलं नाही की घसरतो आणि घसरला की डोंगा कलंडतो. गोल खोडातून कोरलेल्या अरुंद वस्तूला फळ्यांच्या नावेइतका तोल नसतो.

मग इतकं साधं काम होत का नाही? बांधणी आणि वापर यांच्यामध्ये कायदा कुठे उभा राहिला, हे पाहिलं की उत्तर सापडू लागतं. मध्य प्रांताला लागू असलेल्या 1878 च्या नॉर्दर्न इंडिया फेरीज अ‍ॅक्टने सार्वजनिक घाटांवरची उतारूंची वसुली लिलावाने ठेक्यावर देण्याची व्यवस्था केली. घाटावर होड्या किती असाव्यात, त्यांवर माणसं आणि साधनं काय असावीत आणि त्या सतत चांगल्या स्थितीत कशा राहतील, याचे नियम करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात होता. म्हणजे निगा कायद्याला माहीत होती. अडचण ठेक्याच्या स्वरूपात होती. ठरावीक मुदतीसाठी बोली लावून घाट घेणारा माणूस भरलेली रक्कम वसूल करण्याच्या मागे असतो. पुढच्या ठेक्यात आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने लाकडाला तेल का पाजावं? एकाच डोंग्यात जास्त उतारू घेणं आणि गळतीवर चिंधी कोंबून हंगाम काढणं, हेच त्याच्या हिशेबात बसतं. त्याला वाईट माणूस ठरवायची गरज नाही. मुदतीचा ठेका चांगल्या माणसालाही असंच वागायला लावतो. उलट हवाईतली फळी वापरणाऱ्याच्याच घरात टांगली जात होती.

याच जिल्ह्यातले तलाव हा या मुद्द्याचा सर्वांत मोठा पुरावा आहेत. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि पुढच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. तलाव त्यांच्याकडे गेले. पाळ दुरुस्त ठेवणं, गाळ काढणं, तुडुम सांभाळणं ही कामं गावाच्या रिवाजाने चालत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून ते ‘माजी मालगुजारी तलाव’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत. मालक गेला, पण निगेचं काम कुणाच्या नावावर चढलं नाही. पाटबंधारे खातं, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि मच्छीमार सहकारी संस्था यांच्यात जबाबदारीचे तुकडे झाले. गाळ साचला, कडेने अतिक्रमणं झाली, काठावर बेशरमीची झुडपं माजली. तलाव उथळ झाला की डोंगा गाळात रुततो, बेशरमीच्या खुंटांवर घासतो आणि फुटतो. नाव जपायची तर आधी पाणी जपावं लागतं, हे इथे शब्दशः खरं ठरलं. यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो योग्यच आहे. मालगुजारीच्या काळातली निगा बेगारीवर उभी होती. पाळ बांधणाऱ्याला आणि गाळ उपसणाऱ्याला मोबदला मिळायचाच असं नव्हतं आणि मासे धरणाऱ्या ढिवराला तलावावर हक्क नव्हता, मालगुजाराची मेहेरबानी होती. ती व्यवस्था परत यावी असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण आक्षेप मान्य करूनही मुद्दा उरतोच. 1950 च्या कायद्याने जुलमी मालकी काढली, ते बरंच झालं. त्या मालकीसोबत बांधलेलं काम मात्र नव्या हातात दिलं गेलं नाही. हक्क आणि काम एकाच हातात आले की काय होतं, हेही याच भागात दिसतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांसोबत बेशरम उपटणं आणि तलावात देशी पाणवनस्पती लावणं असं काम वर्षानुवर्षं केलं आहे. या कामात मासेमार मजूर म्हणून आले नाहीत. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे जाणणारे लोक म्हणून ते आले.

लाकूड महाग झालं, मोठी झाडं दुर्मीळ झाली, जंगलाचे कायदे कडक झाले. एका खोडाचा डोंगा मिळेनासा झाल्यावर पत्र्याच्या आणि फायबरच्या नावा आल्या आणि ज्याला त्याही परवडत नाहीत त्याच्या हाती थर्माकोल आलं. महाराष्ट्रातल्या अनेक जलाशयांवर थर्माकोलच्या ठोकळ्यांना गोणपाट किंवा प्लास्टिक गुंडाळून केलेले तराफे दिसतात. जायकवाडीच्या फुगवट्यावर, गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची शाळकरी मुलं थर्माकोलवर बसून पाणी ओलांडतात, ही बातमी 2023 मध्ये आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. आता गंमत अशी, की थर्माकोल म्हणजे जो पॉलिस्टायरीनचा फेस, त्याच फेसाचा गाभा आजच्या कितीतरी महागड्या सर्फिंग फळ्यांत असतो. फरक फक्त कवचाचा. फळीच्या गाभ्याला काचतंतूंचं कापड आणि इपॉक्सी असते. पॉलिस्टर रेझिन चालत नाही, कारण ती फेस विरघळवते. कवचाला चीर गेली तर फळी पाण्याबाहेर काढून पूर्ण वाळवतात आणि मगच चीर भरतात, कारण आत शिरलेलं पाणी फेसाला आतून पोखरतं. आपल्या तराफ्याला कवच नाही. कडा घासून दाणे सुटतात, उन्हाने पृष्ठभाग पिवळा पडून भुरभुरतो आणि भेगांतून पाणी आत मुरतं. त्यावर डांबरही घालता येत नाही, कारण डांबर पातळ करायला वापरलेलं रॉकेल किंवा पेट्रोल थर्माकोलच खाऊन टाकतं. लाकडाची निगा जाणणाऱ्या समाजाच्या हातात अशी वस्तू आली, की तिथे त्याचं सगळं जुनं ज्ञान निरुपयोगी ठरलं आणि नवं कुणी दिलं नाही.

यावर कुणी म्हणेल, थर्माकोलला नाव ठेवणं हा पोट भरलेल्याचा विचार आहे. खोडाचा डोंगा एकट्यादुकट्याला उचलता येत नाही. एका तलावावरून दुसऱ्यावर न्यायचा तर बैलगाडी आणि चार माणसं लागतात. थर्माकोल खांद्यावर टाकून नेता येतं, फुटलं तर नवं घेता येतं आणि त्यासाठी झाडही पाडावं लागत नाही. हे सगळं खरं आहे. एकटी बाई किंवा भूमिहीन तरुण या तराफ्यामुळे पाण्यात उतरू शकतो, हा छोटा लाभ नाही. पण स्वस्त म्हणजे काय, हे मोजताना खर्च कुणाच्या अंगावर पडतो तेही मोजायला हवं. डोंग्याची निगा हा वस्तूवरचा खर्च होता. तराफ्याला निगा नाही, म्हणून तो खर्च संपलेला नाही. तो पायाखाली पकड नसलेल्या माणसाच्या जिवावर आणि दाणे गिळणाऱ्या माशांवर गेला आहे. राज्य सरकारने मार्च 2018 मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. तलावावर घासून सुटणाऱ्या दाण्यांचा प्रश्न मात्र त्याने सुटलेला नाही. शिवाय मधला मार्ग तंत्राच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. फेसाच्या गाभ्याला साधं काचतंतूंचं कवच, वर खरखरीत थर, कडेला धरायला दोरी आणि सावलीत ठेवायला एक मांडव, इतक्यात तराफ्याची फळी होते.

दुसरा आक्षेप याहून मुळाशी जातो. खेळाची फळी आणि पोटाचा डोंगा यांची तुलनाच का करावी? एकाकडे मेण निवडायला सवड आहे, दुसऱ्याला उद्याच्या भाकरीची चिंता आहे. आणि आता पूलही झाले. आंभोऱ्याला वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर 2024 मध्ये मोठा पूल खुला झाला आणि पूर्वी जिथे नावेने जात तिथे आता गाड्या धावतात. मग डोंग्याची चर्चा कशाला? पुलाने उतारूंचा प्रश्न सुटतो, मासेमाराचा नाही. उलट राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने जिल्ह्यात पूर्वी नव्हतं इतकं खोल आणि रुंद पाणी आणलं आहे. बांबू तळाला टेकत नाही अशा पाण्यावर उथळ तलावाचा डोंगा नेणं हा वेगळाच धोका आहे. याच जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आहे. तिथे येणाऱ्या नौकांच्या देखभालीची, जॅकेटांची, तपासणीची कलमं करारात लिहिली जातील आणि ती लिहायलाच हवीत. मग खेळासाठी येणाऱ्याच्या पायाखालची फळी तपासायची आणि त्याच पाण्यावर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाची नाही, हा भेद कशावर टिकतो? तुलना अन्यायाची वाटते, ती या भेदामुळेच. भेद झाकण्यापेक्षा तो मांडावा, म्हणून ही तुलना.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्राविना चालणाऱ्या नावांच्याही स्थानिक पातळीवरील नोंदणीला वाट करून दिली आहे. ही नोंदणी नुसत्या आकड्याची ठेवली, तर 1878 सारखंच होईल. नियम कागदावर राहील आणि डोंगा गळत राहील. नोंदीसोबत तीन गोष्टी बांधल्या पाहिजेत. मच्छीमार संस्थांना तलावाचा ठेका पुरेशा लांब मुदतीचा मिळावा, म्हणजे निगेवर केलेला खर्च त्यांच्याच पदरात पडेल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या 2017 पासूनच्या योजनेत गाळ काढताना शेताइतकाच नावेच्या वाटेचाही विचार व्हावा. आणि दुरुस्तीचा खर्च संस्थेच्या हिशेबात उघड दाखवला जावा, कारण आज तो कुणाच्याच वहीत नाही. तेल, राळ, मेण आणि इपॉक्सी यांची माहिती गावोगाव पोचवणं हा यातला सोपा भाग आहे. ही माहिती लोकांकडे आधीही होती. ती ज्याच्या हातात आहे त्यालाच वस्तू आणि पाणी दीर्घ काळासाठी मिळणं, हे 1878 मध्ये घडलं नाही, 1950 मध्येही घडलं नाही. आता घडवायचं असेल तर सुरुवात ठेक्याच्या कागदावरची मुदत बदलण्यापासून करावी लागेल.